ओठांवरील फोड

ओठाच्या कडेला घोळक्याने उठणारे, पाण्याने भरलेले बारीक फोड. ताप उतरता उतरता ते दिसू लागतात, म्हणून ‘ताप ओठावर फुटला’ किंवा ‘अंगातली उष्णता बाहेर पडली’ असे घरोघरी म्हणतात. ताप हे निमित्त खरे, पण मूळ कारण हर्पीस सिम्प्लेक्स (प्रकार १) हा विषाणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतल्या सुमारे दोन-तृतीयांश लोकांच्या शरीरात तो असतो. तेव्हा फोड आला म्हणून तोंड लपवण्याचे काहीच कारण नाही.

लागण बहुधा लहानपणी, लाळेवाटे, कुणीतरी मायेने घेतलेल्या पापीतून होते. मग हा विषाणू चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या तंत्रिकेच्या मुळाशी दडून बसतो आणि जन्मभर तिथेच राहतो. ताप, कडक ऊन, जागरण, मानसिक ताण, मासिक पाळी अशा एखाद्या निमित्ताने जागा होऊन तो त्याच वाटेने पुन्हा ओठावर येतो. म्हणून फोड बहुतेकदा ठरलेल्या जागीच येतो. ‘हर्पीस’ या शब्दाच्या मुळाशी ‘सरपटणे’ या अर्थाचे ग्रीक क्रियापद आहे. आपल्याकडची ‘नागीण’ही तशीच सरपटणारी, पण ती याच कुळातल्या दुसऱ्या, कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते.

फोड दिसण्याआधी काही तास, कधी दिवसभर, त्या जागी चुणचुणते, खाजते, ओठ जड वाटतो. मग लालसर जागेवर मोहरीएवढे चार-पाच फोड उठतात, एकमेकांत मिसळून फुटतात आणि मधाच्या रंगाची खपली धरते. साधारण सात ते दहा दिवसांत ती पडते, व्रण राहत नाही. तोंड आल्यावर गालाच्या आत किंवा जिभेवर होणारे चट्टे वेगळे. ते संसर्गजन्य नसतात.

उपचाराची खरी वेळ ती चुणचुण हीच. अ‍ॅसिक्लोव्हिर मलम तेव्हापासून दिवसातून पाच वेळा लावल्यास दुखणे थोडे आवरते. खपली धरल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. त्रास वारंवार होत असेल तर डॉक्टर याच गटातल्या गोळ्या देतात. हे औषध विषाणू शिरलेल्या पेशीतच कार्यरत होते, निरोगी पेशींना जवळजवळ धक्का लावत नाही. ते घडवणाऱ्या संशोधनात मोठा वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूचा मात्र समूळ नाश कोणत्याच औषधाने होत नाही.

चुना किंवा टूथपेस्ट लावू नये, कातडी भाजते. घरात पडून असलेले खाजेचे मलम तर मुळीच नको, कारण त्यात अनेकदा स्टेरॉइड असते आणि त्याने विषाणूला मोकळे रान मिळते. खपली न ओढता तिच्यावर व्हॅसलीनचा हलका हात पुरे. उन्हाने फोड येणाऱ्यांनी ओठांना सनस्क्रीन असलेला बाम लावावा.

फोड असेपर्यंत पेला, टॉवेल, लिपस्टिक वेगळी ठेवावी. फोडाला लागलेले बोट डोळ्याला गेले तर बुबुळाला जखम होऊन नजर अधू होऊ शकते. तान्ह्या बाळाची पापी या दिवसांत कुणीही घेऊ नये, अगदी आजीनेही. नवजात बाळाला हा संसर्ग जिवावर बेतू शकतो. डोळा लाल होऊन दुखू लागला, फोड चेहराभर पसरले, दोन आठवड्यांत बरे झाले नाहीत किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती आधीच कमी असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे.