चकवा लागलेल्याचा माग

पावसाळ्यात चिखलदऱ्याला धुकं उतरलं की दहा पावलांवरचं झाड दिसत नाही. अशाच एका दुपारी मी पायवाट सोडून जेमतेम वीस पावलं आत गेलो आणि परत वाटेला लागायला मला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात, वीज पडून चिरलेल्या एकाच सागाच्या खोडापाशी मी तीनदा पोचलो. शेवटी गुरं घेऊन चाललेल्या एका ढोरक्यानं वाटेवर आणून सोडलं. तो हसला नाही, एवढं बरं. म्हणाला, "चकवा लागला होता भाऊ तुम्हाले. असं झालं का बसून घ्यावं. एक बिडी ओढावी, मंगच उठावं."

मी बिडी ओढत नाही. पण चकव्याची गोष्ट नंतर शोधली, तेव्हा कळलं की जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी त्याचा रीतसर प्रयोग केलेला आहे. ट्युबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान साउमन आणि सहकाऱ्यांनी काही माणसांना सपाट जंगलात सोडलं, अंगावर जीपीएस दिलं आणि सांगितलं, नाकासमोर चालत राहा. हा अभ्यास २००९ साली छापून आला. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरलेलं होतं त्या दिवशी सगळी गोल फिरली आणि स्वतःचीच वाट ओलांडूनही त्यातल्या तिघांना पत्ता लागला नाही. डोळे बांधले तर काहींची वर्तुळं २० मीटर व्यासाइतकी लहान झाली. एक पाय आखूड असतो म्हणून माणूस गोल फिरतो, ही समजूत मात्र टिकली नाही, कारण तोच माणूस कधी डावीकडे वळत होता, कधी उजवीकडे. 'सरळ' म्हणजे कुठे, याचा मेंदूतला अंदाज प्रत्येक पावलाला किंचित चुकतो आणि बाहेरची खूण नसेल तर त्या चुका साचत जातात. चकवा म्हणजे एवढंच.

बसून घेण्याचा सल्ला मात्र हरवलेल्याचा शोध घेणाऱ्यांच्या दृष्टीनं सोन्यासारखा आहे. माणूस शेवटचा दिसला तिथपासून ३ किलोमीटरच्या आत असेल असं धरलं तर वर्तुळ होतं २८ चौरस किलोमीटरचं. तो आणखी तेवढाच चालला की ११३. अंतर दुप्पट, क्षेत्र चौपट. आता दहा माणसं दहा-दहा मीटर सोडून ओळीनं घाणेरीच्या झुडपांतून निघाली आणि तासाला एक किलोमीटर सरकली, तर तासाभरात एका चौरस किलोमीटरचा दहावा भाग बघून होतो. २८ चौरस किलोमीटरला २८० तास लागतात. म्हणून 'सगळं रान पिंजून काढू' हे बोलायला ठीक आहे. आधी ठरवावं लागतं ते कुठे बघायचं नाही हे.

इथे डोंगर थोडी मदत करतो. चिखलदरा ज्यांच्यावर वसलंय ते गाविलगडचे डोंगर बेसाल्टचे, म्हणजे काळ्या पाषाणाचे, पायऱ्यापायऱ्यांचे. दक्षिणेला कडे तुटून खाली पूर्णेचं सपाट खोरं, उत्तरेला सिपना आणि तिच्या जोडीच्या नद्या तापीकडे नेणारं घनदाट मेळघाट. डोंगराच्या धारेवर पन्नास पावलं इकडची तिकडे झाली की माणूस दुसऱ्याच पाणलोटात उतरतो. घाबरलेला माणूस बहुधा उताराला लागतो, नाला सापडला की नाल्यानं जातो. पाणी गावाला नेतं हा सपाटीवरचा अनुभव. बेसाल्टच्या डोंगरात मात्र नाला आधी धबधब्याच्या तोंडाशी नेतो, तिथे पुढे जाता येत नाही आणि आलो तसं वर चढण्याइतकी ताकद उरलेली नसते.

समजा, या हिशेबानं तीन दऱ्या उरल्या. जाणत्या लोकांनी बसून ठरवलं की पहिलीत असण्याची शक्यता ५० टक्के, दुसरीत ३०, तिसरीत २०. पहिल्या दिवशी पहिली दरी पाहिली. झाडी इतकी, की तो तिथे असता तर दिसण्याची शक्यता ६० टक्केच होती. नाही दिसला. म्हणजे पहिल्या दरीच्या ५० पैकी २० अजून शिल्लक आहेत. दुसरीचे ३०, तिसरीचे २०, एकूण ७०. ते शंभराच्या मापात आणले की पहिली दरी २९ टक्क्यांवर येते, दुसरी ४३ वर चढते, तिसरीही २९ ला पोचते. दुसऱ्या दिवशी दुसरी दरी तशीच पाहिली आणि हात रिकामेच, तर पहिली आणि तिसरी प्रत्येकी ३८ वर, दुसरी २३ वर. आता पहिल्या दरीत पुन्हा जाणं हे तिसरीत पहिल्यांदा जाण्याइतकंच शहाणपणाचं ठरतं. "तिकडं पाह्यलं ना काल!" असं म्हणणाऱ्याला हे पटवणं सगळ्यात अवघड. काल पाहिलं म्हणजे तिथे माणूस नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

ही रीत बेझच्या सूत्रावर, म्हणजे नवी माहिती आली की आधीची शक्यता दुरुस्त करण्याच्या नियमावर, उभी आहे. शोधाचं गणित दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी बर्नार्ड कूपमन या गणितज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाणबुड्या शोधताना बांधलं. त्यातली एक गोष्ट डोक्यात राहण्यासारखी आहे: सगळ्या जागेवर एकदा नजर फिरेल इतकी मेहनत केली, पण ती अस्ताव्यस्त झाली, तर सापडण्याची शक्यता ६३ टक्केच भरते. एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान १ जून २००९ ला अटलांटिकमध्ये कोसळलं, २२८ जण गेले. विमानाच्या काळ्या पेट्यांचे संदेश ऐकण्यासाठी शेवटच्या ठिकाणाजवळचा समुद्र आधीच तपासून झाला होता. पुढे गणित नव्यानं मांडताना ते संदेश पाठवणारं यंत्रच बंद पडलं असेल ही शक्यता धरली, आणि 'पाहून झालेला' भाग पुन्हा वर आला. एप्रिल २०११ मध्ये अवशेष त्याच भागात, आठवड्याभरात सापडले.

आपल्याकडे दरीत माणूस दिसण्याची ती ६० टक्के शक्यता महिन्यागणिक बदलते. मे महिन्यात सागवान बोडकं असतं, लांबवर बुंधेच बुंधे दिसतात, वाळक्या पानांवर ससा गेला तरी कळतं. ऑगस्टात त्याच जागी सुपाएवढी पानं, खाली घाणेरी, मध्ये बांबू, आणि नाल्याच्या आवाजात हाकही विरून जाते. पर्यटकांची गर्दी नेमकी तेव्हाच. उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेला ड्रोन पावसाळ्यात पानांच्या छताखालचं बघू शकत नाही. उन्हाळ्यात छत नसतं, पण दुपारी दगडच माणसाच्या कातडीहून जास्त तापलेला असतो, तेव्हा पडद्यावर सगळं रानच माणसासारखं चमकतं. पहाटे दगड निवल्यावर दोनेक तास काय ते ड्रोनचे. वाघ-अस्वलांच्या रानात अंधारात पायी शोध घेणं धोक्याचं असतं, त्यामुळे ते दोन तास मोलाचे.

मोबाइलचं काय, हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात. रेंज नसली तरी फोन धारेवर एखाद्या क्षणी टॉवरशी बोलून गेलेला असू शकतो. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर जाते. जायला-यायला किती वेळ लागला यावरून टॉवर अंतराचा अंदाज बांधतो. जुन्या टूजीत ही मोजपट्टी साधारण ५५० मीटरच्या खुणांची होती, फोरजीत ती ७८ मीटरपर्यंत बारीक झाली. पण कळतं ते अंतर, जागा नव्हे. नकाशावर टॉवरभोवती एक कंकण उमटतं, त्यातला पंख्यासारखा तुकडा मिळतो. मग त्या तुकड्यातल्या कोणकोणत्या जागांवरून टॉवर नजरेच्या रेषेत येतो ते पाहायचं. सपाट वऱ्हाडात याचा उपयोग थोडा. डोंगरात मात्र दऱ्या आपोआप गळून पडतात आणि चारदोन टेकाडं, धारा उरतात. तिथून तो पुढे कुठे उतरला असेल, हे परत माणसांनीच ओळखायचं.

त्यासाठी वाघाच्या ठशांमागे आयुष्य घालवलेल्या वनमजुरांइतकं चांगलं यंत्र मला माहीत नाही. असा माणूस 'कुठं गेला' हे विचारत नाही. "पायात काय होतं त्याच्या?" हा पहिला प्रश्न. भर दुपारी तो माग बघायला जात नाही, कारण डोक्यावरच्या उन्हात ठशाला सावली नसते. सकाळी आणि संध्याकाळी तिरप्या उजेडात नखाएवढ्या उंचवट्याचीही सावली पडते. रात्र असेल तर टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरायचा, मागाच्या पलीकडून. दोन स्पष्ट ठसे मिळाले की बांबूच्या काठीवर टाचेपासून टाचेपर्यंतचं अंतर चाकूनं कोरायचं. मग खडकाळ जागी माग तुटला, की शेवटच्या टाचेवर काठीचं टोक ठेवून ती कमानीसारखी फिरवायची. पुढचं पाऊल त्या कमानीवर कुठेतरी पडलेलं असतंच. मोडलेली काडी, उलटलेला दगड, ज्याची ओली बाजू वर आहे असं पान, यांपैकी काहीतरी तिथे मिळतं.

आणि इथेच पहिल्या संध्याकाळची धावपळ नडते. चाळीस माणसं बॅटऱ्या घेऊन त्याच पायवाटेनं जातात आणि सकाळी माग काढणाऱ्याला चाळीस जणांचे बूट वाचावे लागतात. त्यापेक्षा दोघांनी कडेकडेनं जावं, बाकीच्यांनी वाट जिथे फुटते त्या जागा धरून बसावं. घरच्यांकडे फोटो मागितला जातो तो चेहऱ्याचा. चप्पल-बुटाचाही मागावा, आणि तोच जोड आधी एखाद्या ओल्या अंगणातून गेला असेल तर तिथल्या ठशावर घमेलं पालथं घालून ठेवावं.