मधला कॉलम बीमला मदतच करतो, असं नाही

जुन्या घराची दुरुस्ती निघाली की एक सल्ला हमखास मिळतो. "हॉलचा बीम लांब आहे, मध्ये एक कॉलम टाकून द्या, काळजीच मिटली." सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, तर्कही बिनतोड वाटतो: दोनापेक्षा तीन आधार केव्हाही बरे. आरसीसीच्या, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या, बीमला मात्र हा तर्क पटत नाही.

हा घोळ जुना आहे. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एका संगमरवरी खांबाची हकीकत सांगितली आहे. खांब दोन टोकांना लाकडी ओंडक्यांवर आडवा ठेवलेला होता. तो स्वतःच्या वजनानेच मध्ये मोडेल असं एका कारागिराला वाटलं, म्हणून त्याने मधोमध तिसरा ओंडका सरकवला. काही महिन्यांनी खांब मोडला, तोही नेमका त्या नव्या ओंडक्याच्या वर. टोकाचा एक ओंडका कुजून खचला होता, मधला टणक राहिला होता, आणि अर्धा खांब अधांतरी लोंबत होता.

खोडरबर दोन्ही हातांनी वाकवून पाहा. एक अंग ताणलं जातं, दुसरं दाबलं जातं. काँक्रीटला दाब चालतो, ताण चालत नाही. एम-२० प्रतीचं काँक्रीट दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसतं, पण वाकताना त्याला जेमतेम ३ न्यूटन ताण सोसवतो. म्हणून ताण जिथे, तिथे सळई. दोन टोकांना टेकलेल्या साध्या बीमला झोळ पडतो, खालचं अंग ताणलं जातं, म्हणून मुख्य सळया खाली. बीम कॉलमवरून न तुटता पुढच्या खोलीत गेला, म्हणजे सलग झाला, की चित्र बदलतं. गाळ्याच्या, म्हणजे दोन कॉलममधल्या भागाच्या, मध्ये तो खाली झुकतो, पण कॉलमवर त्याची पाठ उंचावते आणि ताण वरच्या अंगाला येतो.

आता मूळ सल्ल्याकडे. जुन्या बीममध्ये मधोमध वरच्या अंगाला बहुतेक वेळा दोन बारीक सळया असतात, रिंगा, म्हणजे सळयांभोवतीच्या कड्या, अडकवण्यापुरत्या. तिथे खालून नवा कॉलम घट्ट ठोकून बसवला आणि त्याने भार घेतला, की ताण नेमका तिथे येतो जिथे लोखंड नाही. खालच्या जाड सळयांचा त्या जागी काहीच उपयोग नसतो.

मग वर किती लोखंड लागेल? शाळेतला तरफेचा नियम इथे अपुरा पडतो. तीन आधारांच्या प्रतिक्रिया, म्हणजे प्रत्येक आधार किती भार उचलतो ते, काढायच्या आहेत आणि समीकरणं दोनच आहेत. तिसरी अट बीमच्या आकारातून येते: कॉलमवर बीम तुटत नाही, म्हणून तिथे डावीकडचा उतार आणि उजवीकडचा उतार एकच असायला हवा. फ्रेंच अभियंता क्लापेरोन याने १८५७ साली यावरून तीन मोमेंटचं समीकरण मांडलं. मोमेंट म्हणजे बीमला त्या जागी वाकवणारा जोर, बळ गुणिले अंतर. मला मात्र जीव लावावासा वाटतो तो हार्डी क्रॉसच्या रीतीला. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने १९३० साली दहाएक पानांचा निबंध छापला. त्यानंतर संगणक येईपर्यंत जगभरच्या इमारती त्याच रीतीने, कागद-पेन्सिलीवर सोडवल्या गेल्या.

करूनच पाहू. हॉल ४ मीटर, शेजारचं स्वयंपाकघर ३ मीटर, दोन्हींवरून एकच सलग बीम. भार दर मीटरला २ टन. टोकाचे कॉलम फक्त टेकू देतात, बीमला वळण्यापासून अडवत नाहीत, असं धरू.

पहिली पायरी: मधल्या कॉलमवर बीम मनातल्या मनात घट्ट पकडून ठेवा, जराही वळू देऊ नका. अशा स्थितीत त्या टोकाला बेंडिंग मोमेंट येते भार गुणिले लांबीचा वर्ग भागिले ८. हॉलच्या बाजूने ४ टन-मीटर, स्वयंपाकघराच्या बाजूने २.२५. दोन्ही जुळत नाहीत, १.७५ चा फरक आपण धरून ठेवला आहे.

दुसरी पायरी: पकड सोडा. बीम हॉलच्या बाजूला थोडा कलतो आणि स्थिरावतो. तो १.७५ चा फरक दोन्ही गाळे आपापल्या ताठपणाच्या प्रमाणात वाटून घेतात. आखूड गाळा जास्त ताठ, त्यामुळे वाटणी एक-चतुर्थांशास एक-तृतीयांश, म्हणजे ३ ला ४. हॉलचे ०.७५ कमी होतात, उरतात ३.२५. स्वयंपाकघरात १ वाढतो, होतात ३.२५. जुळलं! क्लापेरोनच्या समीकरणातूनही हाच आकडा निघतो. गाळे जास्त असले की सोडलेल्या मोमेंटचा निम्मा भाग पलीकडच्या टोकाला पोचतो, तिथे पुन्हा पकडा, पुन्हा सोडा. दर फेरीला चूक आक्रसत जाते. सॉफ्टवेअर हेच उत्तर क्षणात देतं, पण भार कुठून कुठे सरकला हे या रीतीत डोळ्यांसमोर दिसतं.

या ३.२५ मधून बाकीचं निघतं. हॉलच्या गाळ्यातली सर्वांत मोठी मोमेंट, सुटा बीम असता तर ४ झाली असती, ती २.५४ वर येते. हा सलगपणाचा फायदा. त्याची किंमत मधला कॉलम मोजतो. निम्मा-निम्मा भार वाटला तर त्याच्या वाट्याला ७ टन यायला हवेत, प्रत्यक्षात येतात ८.९. क्षेत्रफळ मोजून घाईत फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, ठरवणाऱ्यांचं इथे चुकतं.

आणखी एक गंमत. २ टनांतला १ टन कायमचा आणि १ टन येणारा-जाणारा धरू. स्वयंपाकघर रिकामं केलं तर हॉलच्या बीमला हलकं वाटेल? उलट होतं. शेजारचा भार गेला की कॉलमवरचं मागे ओढणं कमी होतं आणि हॉलच्या गाळ्यातली मोमेंट २.५४ वरून २.७४ होते. म्हणूनच येणारा-जाणारा भार इतका मोठा असताना आयएस ४५६ हे काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक सगळे गाळे एकदम भरून थांबू देत नाही. एकाआड एक गाळे भरून पाहा, शेजारचे दोन भरून पाहा, आणि प्रत्येक जागी सर्वांत वाईट आकडा घ्या.

स्वयंपाकघराचं तर याहून वाईट. दोन्ही गाळे भरलेले असताना वरच्या अंगाचा ताण कॉलमपासून १.०८ मीटरवर संपतो. तेच स्वयंपाकघर रिकामं असेल तर तो १.८५ मीटरपर्यंत जातो, ३ मीटरच्या गाळ्यात निम्म्याच्याही पलीकडे. साइटवर सळया बांधणारा फिटर बहुतेक वेळा पाव गाळ्याचा ठोकताळा धरून एक्स्ट्रा टॉप सळई, म्हणजे कॉलमवरची जादा वरची सळई, कापतो. इथे ती ७५ सेंटिमीटरची भरते. वरून दोन सळया सलग नेलेल्या असतात म्हणून बरंचसं निभावतं. ड्रॉइंगमध्ये लांबी वेगळी लिहिली असेल तर ती टेप लावून मोजावी. नऊ बाय अठरा इंचांच्या बीमला इथे कॉलमवर १२ मिलिमीटरच्या तीन सळया पुरतात, पण त्या पुरेशा लांब हव्यात.

बीममध्ये रिंगा वरच्या सळया धरून ठेवतात. स्लॅबमध्ये आणि छज्जात तसं काही नसतं. पाच इंची स्लॅबची वरची सळई पाटी घेऊन जाणाऱ्यांच्या पायाखाली ५ सेंटिमीटर दबली की तिथली ताकद जवळजवळ निम्मी होते. खाली खुर्च्या, म्हणजे सळई उचलून धरणारे लोखंडी टेकू, लावल्या असतील तरच ती जागेवर राहते.

बीमखाली झोपू नये, असं वास्तुवाले सांगतात. झोपा खुशाल, नीट बांधलेला बीम झोपणाऱ्याची रास पाहत नाही. धोका आहे तो दोष घालवायला ड्रॉइंगमधला कॉलम फूटभर सरकवण्यात. वरच्या उदाहरणात ४ चे ४.३ आणि ३ चे २.७ मीटर केले की ३.२५ ची मोमेंट ३.५४ होते, आणि लोखंडाचं कोष्टक मात्र जुनंच राहतं.

मग वर दुप्पट सळया कोंबाव्यात का? तेही नको. प्रमाणात लोखंड असलेला बीम निकामी होण्याआधी सळई ताणू देतो, तडे दाखवतो, आणि कॉलमवरची काही मोमेंट गाळ्याकडे सरकवतो. या स्वभावाच्या भरवशावर आयएस ४५६ काही अटींवर ३० टक्क्यांपर्यंत असा फेरवाटप हिशोबात धरू देतं. लोखंड अति झालं की सळई ताणायच्या आत खालचं काँक्रीट चिरडतं, आगाऊ सूचना न देता. शिवाय कॉलमच्या डोक्यावर चारी बाजूंचे बीम येऊन मिळतात. तिथे सळयांची इतकी दाटी होते की काँक्रीट हलवून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुईही आत शिरत नाही आणि खडी वरच अडकून बसते.