रुमाल हरवला, एवढंच

कोल्हापुरात तालीम म्हटलं की आधी लाल माती डोळ्यांपुढे येते, मग नाटक. शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्तीचं मैदान आणि पॅलेस थिएटर शेजारी शेजारी उभं केलं. ते थिएटरच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झालं आणि 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळालं. मी सांगतेय ती तालीम मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घराच्या माडीवरची. हौशी मंडळी शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ बसवत होती. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, म्हणून ‘मत्सराबद्दल पोरांशी जरा बोला’ असं सांगून त्यांनी मला बोलावलं होतं.

प्रवेश रुमालाचा होता. ऑथेल्लो विचारतो, मी दिलेला रुमाल कुठाय? डेस्डेमोना म्हणते, हरवलेला नाही. तो पुन्हा विचारतो, आवाज चढवून. ती पुन्हा तेच सांगते. दाराशी भाजी निवडत बसलेल्या घरच्या आजींना राहवेना. त्या म्हणाल्या, “अगं, सांग की त्याला हरवलाय म्हणून! काय मारतोय काय तो?”

मारतो. पुढच्या दोन अंकांत तो तिला मारूनच टाकतो.

हे नाटक मराठीला नवं नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं भाषांतर 1867 सालचं, आणि देवलांनी 1890 मध्ये त्याला ‘झुंजारराव’ म्हणून आपल्या मातीतला पेहराव चढवला. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात अशी. ऑथेल्लो हा व्हेनिसचा पराक्रमी सेनापती. त्याने बढती दिली कॅशिओला, डावललं इयागोला. इयागो मग सेनापतीच्या मनात भरवतो की तुझ्या बायकोचं, डेस्डेमोनाचं, कॅशिओशी सूत आहे. पुरावा काय, तर तिच्या हातून पडलेला एक रुमाल, जो इयागोनेच कॅशिओच्या खोलीत टाकलेला असतो.

पण इयागो भरवतो म्हणजे नेमकं काय करतो? तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश मी पोरांना सावकाश वाचायला लावला. ऑथेल्लो विचारतो, कॅशिओ प्रामाणिक नाही का? इयागो म्हणतो, प्रामाणिक, सरकार? तुला काय वाटतं? वाटतं, सरकार? बस्स. तो आरोप करतच नाही. ऑथेल्लोचाच शब्द उचलतो, थोडा थबकतो आणि परत त्याच्या हातात ठेवतो. शेवटी ऑथेल्लोच वैतागून म्हणतो की हा माझा प्रतिध्वनी झालाय, याच्या मनात काहीतरी भयंकर दडलंय. ते भयंकर इयागोने सांगितलेलं नसतं, ऑथेल्लोने स्वतः भरलेलं असतं. खासबागेत बसणाऱ्याला हा डाव ओळखीचा वाटेल. समोरचा जोर लावून अंगावर येतो, तेव्हा त्याच्याच जोरावर त्याला पाठीवर घेऊन आपटायचं. इयागोची धोबीपछाड ती हीच.

शब्दाची एवढी ताकद असते का? 1974 मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. मग काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्यांचा चक्काचूर झाला तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या प्रश्नाच्या मंडळींनी वेग जास्त सांगितला. खरी गंमत आठवड्याने कळली. फुटलेली काच दिसली होती का, असं विचारल्यावर ‘धडकल्या’वाल्या 50 जणांपैकी 7 जण हो म्हणाले, ‘चक्काचूर’वाल्या 50 पैकी 16 जण. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. एका क्रियापदाने त्यांच्या आठवणीत काचा पसरल्या. स्मृती म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. दरवेळी आपण ती नव्याने रचतो, आणि रचताना शेजारून कुणी एक वीट सरकवली तर ती आपलीच वाटते.

एकदा संशय बसला की पुढचं काम मन फुकटात करतं. पीटर वेसन यांनी 1960 मध्ये लोकांना 2, 4, 6 हे आकडे देऊन त्यामागचा नियम ओळखायला सांगितला. बहुतेकांना वाटलं, दोन-दोनने वाढतायत. मग ते 8, 10, 12 असेच आकडे देऊन ‘बरोबर का?’ विचारत राहिले आणि उत्तर बरोबरच येत राहिलं. नियम खरा एवढाच होता की आकडे चढत्या क्रमाने हवेत. आपला अंदाज चुकीचा ठरवणारा एखादा आकडा द्यावा, हे फार थोड्यांना सुचलं. ऑथेल्लो कॅशिओला समोर बसवून कधीच विचारत नाही. डेस्डेमोनाच्या सोबतीणीला, एमिलियाला, तो विचारतो. ती पैजेवर सांगते की बाईसाहेब निर्मळ आहेत. त्यावर तो मनाशी म्हणतो, ही तर त्यांचीच दलाल, ती दुसरं काय सांगणार! विरुद्धचा पुरावाही त्याने आपल्या बाजूला ओढून घेतला. मला हा क्षण खुनापेक्षा भयंकर वाटतो.

मत्सर हा काही फक्त माणसाचा दुर्गुण नाही. 2014 मध्ये क्रिस्टीन हॅरिस आणि कॅरोलिन प्रूवो यांनी 36 कुत्र्यांच्या मालकांना त्यांच्यादेखत एका खेळण्यातल्या कुत्र्याला कुरवाळायला लावलं. पाळलेली कुत्री मध्ये घुसली, मालकाला ढकलू लागली. मालक पुस्तक वाचत बसला तेव्हा असं वागणारी कुत्री फार कमी होती. जोडीने राहणाऱ्या टीटी माकडांतही नराला आपली मादी परक्या नराजवळ दिसली की नातं आणि वेदना यांच्याशी निगडित मेंदूचे भाग जास्त सक्रिय होतात. जवळचं माणूस दुरावेल ही भीती फार जुनी आहे आणि ती असणं हा गुन्हा नाही.

ती भीती कधी आजारही होते. 1955 मध्ये टॉड आणि ड्यूहर्स्ट या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला ‘ऑथेल्लो सिंड्रोम’ असं नाव दिलं. जोडीदार फसवतोय अशी पक्की समजूत बसते, पुरावा असो वा नसो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 2012 मध्ये अशा 105 रुग्णांची माहिती मांडली. त्यातल्या जवळजवळ 70 टक्के लोकांना मेंदूचा कुठला ना कुठला विकार होता. पार्किन्सनसाठी दिल्या जाणाऱ्या, डोपामिन या मेंदूतल्या रसायनासारखं काम करणाऱ्या काही औषधांनीही असा संशय उफाळतो आणि डोस कमी केल्यावर ओसरतो. दारूचं व्यसन हे आणखी एक कारण. साठीपर्यंत साधा-सरळ राहिलेला नवरा अचानक बायकोचा फोन तपासू लागला, तर शेजारीपाजारी कुजबुजतात. त्याला दवाखान्यात न्यायला हवं, आणि तोवर ती सुरक्षित आहे ना हे कुणीतरी पाहायला हवं.

आता आजींच्या प्रश्नाकडे येते. ती खरं का सांगत नाही? निर्दोष माणूस घाबरतो म्हणून. कॅशिओ मेल्याचं ऐकून डेस्डेमोना रडते, कारण आता आपली बाजू सांगणारा कुणी उरला नाही. ऑथेल्लोला त्यात प्रियकरासाठी गाळलेले अश्रू दिसतात. भावनांचे अभ्यासक पॉल एकमन यांनी या घोटाळ्याला ऑथेल्लोचंच नाव दिलं. घाबरल्यावर छातीत धडधड होते, तळहाताला घाम येतो, तोंड कोरडं पडतं. पकडले जाऊ म्हणून घाबरलो काय आणि कुणी विश्वासच ठेवणार नाही म्हणून घाबरलो काय, शरीर दोन्ही वेळा तेच करतं. खोटं पकडायला वापरतात ते पॉलिग्राफ यंत्र नाडी, श्वास, रक्तदाब आणि घाम मोजतं. खोटं मोजणारी सुई त्यात नसते. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना अशा चाचण्या करायला मनाई केली, ते मला फार मोलाचं वाटतं. आणि यंत्राशिवाय? 2006 मध्ये चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी 24,000 हून अधिक लोकांनी दिलेले निर्णय एकत्र तपासले. खरं-खोटं ओळखण्याचं प्रमाण भरलं 54 टक्के. नाणं उडवलं तरी 50 मिळतात.

पोरांना हे पटेना. “चेहऱ्यावरून कळतंयच की मॅडम,” म्हणाली. मग आम्ही एक खेळ केला. डेस्डेमोना करणारी मुलगी आणि कॅशिओ करणारा मुलगा पडद्यामागे गेले, रुमाल दोघांपैकी एकाच्या खिशात. बाहेर येऊन दोघांनी एकच वाक्य म्हणायचं: रुमाल माझ्याकडे नाही. ज्याच्यावर जास्त बोटं जातील त्याने महिनाभर सगळ्यांना चहा पाजायचा. दहा जणांच्या खेळाला काही प्रयोग म्हणत नाहीत, पण झालं ते सांगते. मुलाने वाक्य सरळ म्हटलं. मुलगी मध्येच अडखळली, नजर खाली गेली, ओढणीचं टोक बोटांत पिळलं गेलं. सात बोटं तिच्यावर गेली. आजींचंसुद्धा.

रुमाल मुलाच्या खिशातून निघाला.

मी तिला विचारलं, तुझ्याकडे नव्हता, तर अडखळलीस का गं?

“सगळी माझ्याकडंच बघायला लागलासा,” ती म्हणाली, “म्हणून घाम फुटला की.”