दाटी : वलगणीपासून टाकीपर्यंत

पहिल्या मोठ्या पावसात व्हाळ फुगतात आणि मासे पाण्याच्या ओढीविरुद्ध भातखाचरांकडे चढू लागतात. कोकणात कुठे याला वलगण म्हणतात, कुठे चढणीचे मासे. अरुंद जागी तेव्हा मासा माशाला घासत असतो. पण ही दाटी चार दिवसांची. अंडी टाकून झाली, पाणी पसरलं, की मासे पांगतात. पाळलेल्या माशाला पांगायची सोय नसते.

'ताण' हा शब्द शरीरशास्त्रात रुजवला हान्स सेली यांनी; सुरुवात झाली ती १९३६ सालच्या उंदरांवरच्या प्रयोगांतून. माशांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की स्रवणारं संप्रेरक, सहज मोजता येऊ लागलं ते १९७०च्या दशकात. हे संप्रेरक माशात मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात तयार होतं. जाळं ओढलं की काही मिनिटांत ते चढतं आणि मासा निवांत राहिला तर काही तासांत उतरतं. दाटी हटलीच नाही तर मात्र शरीराचा हाच बचाव अंगावर येतो : वाढ खुंटते, प्रतिकारशक्ती घटते, जखमा चिघळतात, उवा (आर्ग्युलस) पसरतात. गोड्या पाण्यातल्या माशाचं आणखी एक दुखणं आहे. घाबरला की त्याच्या कल्ल्यांतून पाणी जास्त आत शिरतं आणि अंगातले क्षार बाहेर जातात. बीज, म्हणजे पाळायची पिलं, नेताना पाण्यात थोडं मीठ टाकतात ते यासाठीच.

आपल्याकडे दाटीचा अनुभव तलावाच्या आधी वाहतुकीत आला. कटला, रोहू, मृगळ यांचं बीज पूर्वी नद्यांतून धरून मातीच्या हंड्यांतून दूरवर नेत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल इथे हिरालाल चौधुरी यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवलं. तेव्हापासून बीज हवं तिथे तयार करता येऊ लागलं, पण ते पोहोचवण्याचा प्रश्न उरलाच. त्यावर बीजवाल्यांची जुनी युक्ती अशी : निघण्याआधी पिलांना हाप्यात, म्हणजे मच्छरदाणीसारख्या कापडी पेटीत, उपाशी आणि दाटीवाटीनं ठेवायचं. पोट रिकामं होतं, गर्दीची सवय होते. आंध्रातल्या शेतकऱ्यांनी तर दाटीचंच हत्यार केलं. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, वर्षभर गर्दीत खुजी ठेवायची आणि मोकळ्या तळ्यात सोडली की ती झपाट्यानं वाढते. दाटी वाईटच, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे एकदा पाहावं.

कोकणात गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाचा विषय उशिरा आला. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२चं, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१चं. पण इथला ओढा खाडी-समुद्राकडे, आणि जांभ्यात पाणी ठरत नाही. प्लास्टिक अंथरलेली शेततळी आली तेव्हा गणित बदललं. २०२० साली प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून बायोफ्लॉकला, म्हणजे जिवाणूंकरवी पाणी राखून टाकीत दाट मासे पाळण्याच्या पद्धतीला, अनुदान मिळू लागलं आणि टाक्याही आल्या. दीड मीटर खोल तळ्यात हेक्टरी १०,००० बोटुकली सोडली तर एका माशाच्या वाट्याला १,५०० लिटर पाणी येतं. १०,००० लिटरच्या टाकीत ५०० तिलापिया सोडले तर २० लिटर.

आकडा भयंकर वाटतो, पण तिलापियाचं वागणं निराळं. मासे थोडे असले की नर हद्द आखून भांडतात आणि दुबळ्यांना कोपऱ्यात दाबतात. गर्दी वाढली की हद्द राखणं परवडत नाही, मारामारी कमी होते. जागेआधी तिथे पाणी अपुरं पडतं : विरघळलेला प्राणवायू उतरतो, अमोनिया चढतो. टाकीत गूळ घालतात तो जिवाणूंसाठी. ते वाढताना अमोनिया वापरतात, पण श्वास त्यांनाही लागतोच. म्हणून माझ्या मते 'टाकीत किती मासे बसतात?' हा प्रश्नच अर्धवट आहे. हवेचा पंप किती वेळ बंद राहिला तर चालेल, हे आधी विचारायला हवं. जुलैतल्या वादळी रात्री वीज जाते. तेव्हा मोकळ्या तळ्यातला रोहू पहाटेपर्यंत तग धरतो, टाकीतले मासे तासाभरात वर येऊन तोंडं उघडू लागतात.