गाडी आडवी लावणे (कोकण किनारा)

गाडी आडवी लावणे : लहान मोटार रस्त्याला समांतर न लावता नाक गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकवून, पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) तोंडाशी, चढावर चाकाला चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) देऊन किंवा थेट पुळणीत (समुद्रकाठच्या वाळूत) उतरवून उभी करण्याची पद्धत. गणपतीत व मे महिन्यात ती सर्रास दिसते.

मारुती ८०० (१९८३) आल्यानंतर ही पद्धत पडली असे मानण्याकडे कल असतो. तथापि तिचे मूळ आळीच्या रचनेत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. गुहागर, मुरूड (दापोली), आंजर्ले अशा गावांत मधून एकच रस्ता, दोन्ही बाजूंना गडगे आणि त्यांमागे घरे व वाड्या, अशी मोटारीच्या आधीची मांडणी आहे. गाडी लहान झाली म्हणून ती आडवी मावू लागली, इतकेच.

कायद्याची बाजू : मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १२२ गाडीची लांबी पाहत नाही. गाडीची जागा, अवस्था किंवा परिस्थिती यांमुळे इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होण्याचा संभव असला तरी पुरे. प्रत्यक्ष खोळंबा व्हावाच लागत नाही. या कलमाला वेगळी शिक्षा नसल्याने कलम १७७ लागते : २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुढे १,५०० रुपयांपर्यंत दंड. रहदारीस धोका ठरणारी बेवारशी गाडी कलम १२७ खाली तत्काळ उचलता येते. एरवी, गाडी लावण्यास मनाई असलेली जागा वगळता, मर्यादा दहा तासांची आहे. कलम १२२ ‘सार्वजनिक जागे’पुरते असल्याने पुळण तशी जागा ठरते का, हा वादाचा मुद्दा. कलम २(३४) मधील व्याख्येत वहिवाटीचा रस्ता असो वा नसो, लोकांना जाण्याचा हक्क असलेली कोणतीही जागा येते. त्यामुळे पुळण वगळणारा अर्थ टिकणे अवघड दिसते. कोणाच्या खळ्यात (घरापुढच्या अंगणात) परवानगीने लावलेल्या गाडीला मात्र कलम १२२ सहसा लागू नये.

आडवेपणाचा हिशेब असा : मारुती ८०० सुमारे ३.३ मी. लांब व १.४ मी. रुंद. कडेची साइडपट्टी दीड मीटर असेल तर समांतर गाडी तीत बसते. आडवीचे शेपूट १.८ मी. रस्त्यावर येते. एकेरी डांबरी रस्ता ३.७५ मीटरचा, उरलेल्या दोन मीटरांहून कमी जागेतून एसटी जात नाही. मग कंडक्टर खाली उतरतो आणि आळीभर गाडीमालकाचा शोध सुरू होतो.

उतारावर इंजिन बंद व ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप हलणार नाही असा अन्य उपाय हवा (कलम १२६). चिरा या अन्य उपायांत धरता येतो. हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांवर असतो. गाडी उताराकडे तोंड करून उभी असता भार पुढे जातो व मागची पकड सैल होते. म्हणून रिव्हर्स गिअर टाकून ठेवणे आणि पुढची चाके गडग्याकडे वळवणे महत्त्वाचे. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्यावर चाक न फिरताही गाडी घसरते.

कर्दे-मुरूडच्या सपाट पुळणीवर ओली वाळू टणक लागते, पण ती फसवी असते. भरतीचे पाणी टायरभोवतीची वाळू उकरून नेते, गाडी चेसिसपर्यंत बसते आणि मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचे पाणी नेहमीच्या रेषेच्या वर चढते. वेळास, आंजर्ले येथे कासवांच्या विणीच्या काळात चाकोऱ्यांत पिल्ले अडकतात, हे निराळेच. माडाखाली गाडी लावू नये, हे स्थानिकांना सांगावे लागत नाही.