खेळणं बदलून घेणं वेगळं, रिकॉल वेगळा

बदलून घेणं धुळ्या-जळगावात शेंबड्या पोरालाही कळतं. खुळखुळा वाजत नाही, गाडीचं चाक निघालं, पावती घेऊन दुकानात जायचं, थोडी हुज्जत घालायची आणि दुसरा नग आणायचा. झालं.

घोळ सगळा रिकॉलमध्ये. तुकडा सुटून बाळाच्या घशात अडकू शकतो म्हणून कंपनीने अमुक खेळणं परत मागवलंय, असा मेसेज घरच्या ग्रुपवर पडतो आणि खाली ठरलेली उत्तरं येतात. "आमचं तर धडधाकट आहे." "वर्ष झालं, काही झालं नाही." अहो, तुटायची वाट बघायला नको म्हणूनच तर मागवताहेत! बदलीत खोट तुमच्या हातातल्या एका नगात असते. रिकॉलमध्ये ती रचनेतच किंवा अख्ख्या लॉटमध्ये असते, मग तुमचा नग कितीही नवाकोरा दिसो.

1999 च्या डिसेंबरात अमेरिकेत बर्गर किंगने जेवणासोबत वाटलेले अडीच कोटींहून जास्त पोकेमॉन बॉल परत मागवले. ते फुटत नव्हते. दोन भागांत उघडायचे, बनवलेच तसे होते. त्यातला अर्धा भाग 13 महिन्यांच्या एका मुलीच्या नाकातोंडावर घट्ट बसला आणि ती गेली. बाकी घरांतले बॉल "धडधाकट"च होते की!

म्हणून असं खेळणं फेविक्विक लावून पुन्हा पाळण्यात टाकायचं नाही. "घट्ट बसलंय आता" याला काही अर्थ नाही. 3 वर्षांखालच्यांचं खेळणं आपटून, ओढून तपासतात आणि सुटलेला तुकडा 31.7 मिमी व्यासाच्या नळीत पूर्ण मावला तर ते नापास. आणि जावेच्या बाळाला किंवा सालदाराच्या लेकराला तर ते मुळीच द्यायचं नाही. ही दानत मला सगळ्यात जास्त खटकते.

पावती, मुदत वगैरे फरक किरकोळ. "सात दिवसांत बदलून मिळेल" ही अट दुकानाची, रिकॉलशी तिचा संबंध नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 20 नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक माल परत मागवायला आणि पैसे परत द्यायला लावू शकतं.

जुळवायचं असतं ते मॉडेल, बॅच नंबर आणि बनवल्याचा महिना. हे बहुतेक खोक्यावर असतं, आणि खोका आपण पहिल्याच दिवशी रद्दीत घालतो! सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेल्या प्लास्टिकच्या खुळखुळ्यावर तर कंपनीचंच नाव नसतं. तो परत मागवणार कोण? कारखान्यात बनलेल्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्याखालचा सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीचा परवाना नंबर, बीआयएस केअर या भारतीय मानक ब्युरोच्या ॲपवर टाकून दुकानात उभ्या उभ्या तपासता येतो. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.