खांदेदुखी आणि खांद्याच्या इजांवरील फिजिओथेरपी

खांदा दुखणे, आखडणे, निखळणे किंवा त्यातील स्नायुबंध फाटणे यांवर व्यायाम, हाताने दिले जाणारे उपचार आणि रोजच्या हालचालींतील बदल यांच्या साहाय्याने केली जाणारी उपचारपद्धती. शस्त्रक्रियेनंतर हात पुन्हा कामाला लावणे हाही तिचाच भाग आहे. खांदेदुखीच्या बहुसंख्य रुग्णांना पहिला उपचार म्हणून हीच सुचवली जाते. कोणता व्यायाम करायचा हे महत्त्वाचे आहेच. पण तो दुखण्याच्या कोणत्या टप्प्यावर आणि किती जोराने करायचा यावर त्याहून जास्त अवलंबून असते. ज्या ताणाने एक खांदा मोकळा होतो, त्याच ताणाने दुसरा महिनोन्‌महिने मागे जातो.

रचना

शरीरात सर्वांत जास्त दिशांनी फिरणारा सांधा खांद्याचा, आणि म्हणूनच सर्वांत जास्त वेळा निखळणाराही तोच. दंडाच्या हाडाचा गोल माथा फऱ्याच्या (पाठीच्या वरच्या भागातील चपट्या त्रिकोणी) हाडावरील उथळ खोबणीत बसतो, पण बशीवर चेंडू ठेवावा इतकाच. एका वेळी माथ्याचा पाव ते एक तृतीयांश भागच खोबणीला टेकलेला असतो. खोबणीच्या काठाला कूर्चेची गोल कड आहे, तिला लॅब्रम म्हणतात. सांध्याभोवती एक सैलसर आवरण असते. हात खाली असताना काखेच्या बाजूला त्याची घडी पडते आणि हात वर गेला की ती उलगडते.

हाडांकडून एवढा कमी आधार मिळत असल्याने उरलेले काम स्नायूंवर येते. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस हे चार स्नायू फऱ्यापासून निघतात आणि त्यांचे बंध (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) माथ्याला वेढून बसतात. या वेढ्याला रोटेटर कफ म्हणतात. हात उचलताना बाहेरचा मोठा डेल्टॉइड स्नायू माथ्याला वर खेचत असतो, त्याच क्षणी कफचे स्नायू माथ्याला खोबणीत दाबून धरतात. ही पकड ढिली पडली की माथा वर सरकतो, हात उचलताना कळ येते आणि ताकद कमी पडते.

हात पूर्ण वर जातो तेव्हा सुमारे १८० अंशांपैकी १२० अंश मूळ सांध्यात आणि ६० अंश फरा बरगड्यांवरून फिरल्यामुळे मिळतात. खांदा आखडलेला माणूस हात उचलू लागला की फरा लवकर आणि जास्त वर येतो, खांदा कानाकडे जातो. हे पुढून नीट दिसत नाही. म्हणून फिजिओथेरपिस्ट रुग्णाच्या मागे उभे राहून दोन्ही फरे एकाच वेळी पाहतात.

तपासणी

तपासणीतला सर्वांत मोलाचा भाग साधा आहे आणि त्याला कोणतेही यंत्र लागत नाही. रुग्णाने कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवायचे आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्यायचा. आधी तो स्वतःच्या ताकदीने नेतो. मग हात सैल सोडतो आणि फिजिओथेरपिस्ट तोच हात हलकेच बाहेर फिरवून पाहतात. स्वतःहूनही फिरत नाही आणि दुसऱ्याने फिरवला तरी तिथेच अडतो, तर दोष सांध्यात किंवा त्याच्या आवरणात असण्याची शक्यता मोठी : फ्रोझन शोल्डर (आवरण आकसून आखडलेला खांदा) किंवा सांध्याची झीज. या दोहोंतला फरक एक्स-रेवर कळतो, कारण फ्रोझन शोल्डरचा एक्स-रे सहसा स्वच्छ असतो. दुसऱ्याने फिरवल्यावर हात पूर्ण जातो पण स्वतःहून जात नाही, तर संशय कफवर किंवा क्वचित मज्जातंतूवर जातो. हात बाजूने उचलताना साधारण ६० ते १२० अंशांच्या मधल्या पट्ट्यात दुखणे आणि वर गेल्यावर कमी होणे, हीसुद्धा कफच्या दुखण्याची ओळख आहे.

मान तपासल्याशिवाय खांद्याची तपासणी पूर्ण होत नाही. मानेतून निघणारी नस दबली असेल तर कळ खांद्यात येते, पण ती कोपराच्या खाली बोटांपर्यंत उतरते, मुंग्या येतात आणि मान वळवली की वाढते. अशा रुग्णाला हात डोक्यावर ठेवल्यावर बरे वाटते. कफच्या रुग्णाला त्याच स्थितीत बहुधा त्रास होतो.

एमआरआयच्या अहवालाबद्दल येथे स्पष्ट लिहायला हवे. साठीपुढच्या अनेकांच्या कफमध्ये लहानमोठी फाट असते आणि त्यांना कसलाही त्रास नसतो. अहवालात ‘टेअर’ दिसले म्हणजे दुखण्याचे कारण सापडलेच असे नाही, आणि हात वापरणे बंद केलेच पाहिजे असेही नाही. घाबरून हात छातीशी धरून बसलेल्या माणसाचा खांदा त्या फाटीपेक्षा न हलवल्यामुळे अधिक बिघडतो.

खांद्याचे काही दुखणे मुळात खांद्याचे नसते. डाव्या खांद्यात दुखून त्याबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर ती हृदयविकाराची खूण असू शकते; तेथे व्यायामाचा विचार न करता तातडीने रुग्णालय गाठावे. पित्ताशयाचे दुखणे उजव्या खांद्यात जाणवते. ताप आणि लाल, गरम सांधा, कारणाशिवाय घटणारे वजन, कोणत्याही स्थितीत न थांबणारी रात्रीची कळ, किंवा पन्नाशीनंतर दोन्ही खांदे एकाच वेळी सकाळी ताठरणे यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांची तपासणी व्हायला हवी.

फ्रोझन शोल्डर

आखडलेल्या खांद्याचे वर्णन फ्रेंच शल्यविशारद द्युप्ले यांनी १८७२ मध्ये केले. बोस्टनचे अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव वापरले आणि १९४५ मध्ये नेविआझर यांनी दाखवले की मूळ विकृती सांध्याच्या आवरणात आहे. आवरणाला सूज येते, मग ते जाड होऊन आकसते. हा विकार मुख्यतः ४० ते ६० या वयात आणि स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. एकूण लोकसंख्येत त्याचे प्रमाण २ ते ५ टक्के मानले जाते, तर मधुमेहींमध्ये १० ते २० टक्के. थायरॉइडच्या विकारांतही तो जास्त दिसतो. त्यामुळे इजा न होता आखडलेल्या खांद्याच्या रुग्णाची रक्तातील साखर तपासलेली नसेल तर तपासून घेणे शहाणपणाचे.

पहिले काही महिने वेदनेचे असतात. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, नकळत हिसका बसला तर डोळ्यांसमोर अंधारी येते. पुढे वेदना ओसरते पण ताठरपणा राहतो : पाठीमागे हात नेऊन अंतर्वस्त्राचा हूक लावणे, मागच्या खिशात हात घालणे, केस विंचरणे अडते. नंतर हळूहळू खांदा सुटतो. हे सारे एक ते तीन वर्षे चालू शकते आणि काहींना थोडा ताठरपणा कायम राहतो.

जोर किती लावायचा हा प्रश्न येथे सर्वांत टोकदार होतो. वेदनेच्या टप्प्यात जबरदस्तीने हात ताणला की सुजलेले आवरण आणखी चिडते. ‘दुखले तरी चालेल, सांधा सोडवलाच पाहिजे’ हा समज फार खोलवर रुजलेला आहे आणि त्याने रुग्णांचे हाल झाले आहेत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात ७७ रुग्णांची तुलना होती. वेदनेच्या मर्यादेत हलके व्यायाम केलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्णांचा खांदा दोन वर्षांनी जवळजवळ पूर्ववत झाला, तर जोरकस ताण दिलेल्यांत हे प्रमाण ६३ टक्के होते. म्हणून या टप्प्यात लोंबत्या हाताचे व्यायाम, दोन्ही हातांत काठी धरून चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला नेणे, शेक आणि झोपताना दंडाखाली उशी एवढेच पुरते. सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन याच काळात सर्वांत उपयोगी पडते, कारण वेदना कमी झाली की व्यायाम करता येतो. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, हे ध्यानात ठेवावे लागते.

लोंबत्या हाताचा व्यायाम कॉडमन यांच्या नावानेच ओळखला जातो आणि बहुतेकदा चुकीचा केला जातो. चांगला हात टेबलावर टेकवून कमरेत वाकायचे, दुखरा हात सैल सोडायचा आणि शरीर पुढेमागे झुलवायचे. त्या झोक्याने हात आपोआप हलला पाहिजे. हात स्वतः जोर लावून गोल फिरवला की स्नायू आवळतात आणि व्यायामाचा हेतूच हरवतो.

वेदना उतरल्यावर मात्र ताण वाढवायचा असतो. भिंतीवर बोटांनी वर चढणे, दाराच्या चौकटीला तळवा टेकवून शरीर वळवणे, पाठीमागे टॉवेल धरून वरच्या हाताने खालचा हात ओढणे हे त्या काळचे व्यायाम. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन मार्ग तोलले गेले : इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन सांधा मोकळा करणे आणि दुर्बिणीतून आवरण कापणे. वर्षभरानंतर कोणताही मार्ग इतरांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. शस्त्रक्रियेची घाई करणाऱ्याने हे वाचून ठेवावे.

रोटेटर कफचे दुखणे

अमेरिकेतील चार्ल्स नीर यांनी १९७२ मध्ये मांडले की फऱ्याच्या वरच्या टोकाखाली कफचा बंध घासला जातो. त्यानंतर ते हाड तासण्याच्या शस्त्रक्रिया अनेक दशके होत राहिल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत काही रुग्णांचे हाड तासले आणि काहींच्या सांध्यात फक्त दुर्बीण घालून पाहिले. दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. घासण्याच्या कल्पनेला यामुळे मोठा धक्का बसला. आज भर आहे तो बंधाला हळूहळू भार पेलण्याची सवय लावण्यावर.

त्यासाठीचा पायाभूत व्यायाम रबरी पट्ट्याचा. पट्ट्याचे एक टोक दाराच्या कडीला, दुसरे हातात. कोपर काटकोनात आणि कोपर व बरगडी यांच्यामध्ये टॉवेलची गुंडाळी. पंजा बाहेर न्यायचा आणि परत येताना पट्टा झटकन सोडून न देता सावकाश आत आणायचा. गुंडाळी खाली पडली तर समजावे की काम कफऐवजी डेल्टॉइडकडे गेले. जोडीला फरे मागे खेचणे, भिंतीवरचे दंड आणि पुढे हलक्या डंबेलने हात वर नेणे. व्यायामादरम्यान दहापैकी तीन-चारपर्यंत दुखणे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वपदावर असणे चालते. रात्रीची झोप मोडली तर भार जास्त झाला. बंध सावकाश बदलतात, त्यामुळे निकालासाठी साधारण बारा आठवडे द्यावे लागतात. तिसऱ्या आठवड्यात निराश होऊन सोडून देणे हे अपयशाचे फार मोठे कारण आहे.

इजा न होता कफ पूर्ण फाटलेल्या ४५२ रुग्णांवर अमेरिकेत फिजिओथेरपी करून पाहिली गेली. २०१३ च्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांत चौथ्या हिश्श्याहूनही कमी लोकांना शस्त्रक्रिया करावी लागली. बंध फाटलेलाच राहिला, पण उरलेले स्नायू काम सांभाळू लागले. ब्रिटनमधील ७०८ रुग्णांच्या २०२१ च्या अभ्यासात सहापर्यंत भेटी घेऊन शिकवलेला व्यायामक्रम आणि एकाच भेटीत नीट समजावून दिलेला घरचा व्यायाम यांत वर्षभराने फरक दिसला नाही. समजावणे चांगले असेल तर भेटींची लांबलचक मालिका प्रत्येकाला लागत नाही, असा याचा अर्थ निघतो.

पडल्यावर किंवा हिसका बसल्यावर हात अचानक उचलेनासा झाला, तर गोष्ट वेगळी. तरुण किंवा कष्टाचे काम करणाऱ्या माणसाचा ताजा फाटलेला बंध शिवायचा असेल तर ते लवकर ठरवावे लागते, कारण काळ गेला की स्नायू आकसतो आणि त्याच्या जागी चरबी भरते. तेथे व्यायामात महिने घालवणे योग्य नाही.

निखळलेला खांदा

९५ टक्क्यांहून अधिक वेळा माथा पुढच्या बाजूला निसटतो, तोही हात बाजूला उचललेला आणि बाहेर वळलेला असताना. बसवण्याचे काम डॉक्टरांचे. शेजाऱ्याने किंवा मैदानावरच्या सोबत्याने ओढून पाहू नये, कारण हाड मोडलेले असू शकते आणि काखेतील नस दुखावू शकते. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा असेल तर तो त्या नसेचा इशारा असतो. बसवल्यानंतर काही आठवडे झोळी, मग कफ व फऱ्याचे स्नायू बळकट करणे आणि बाहेर वळवलेल्या स्थितीत हात सर्वांत शेवटी नेणे असा क्रम असतो. विशीच्या आतबाहेरच्या खेळाडूंमध्ये पुन्हा निखळण्याचे प्रमाण फार मोठे असल्याने त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचा विचार लवकर होतो. चाळिशीनंतर निखळला तर कफ फाटला आहे का हे पाहावे लागते.

शस्त्रक्रियेनंतर

कफ शिवल्यावर सहसा चार ते सहा आठवडे झोळी, त्या काळात बोटे, मनगट व कोपर हलवणे आणि खांद्याला फक्त दुसऱ्याच्या आधाराने हालचाल. स्वतःच्या ताकदीने हात उचलणे त्यानंतर, आणि वजन साधारण बारा आठवड्यांपुढे. सहाव्या-सातव्या आठवड्यात दुखणे थांबलेले असते आणि रुग्णाला हात बरा झाल्यासारखा वाटतो. शिवण मात्र अजून कच्ची असते. पाण्याची बादली उचलण्याचा मोह या टप्प्यावर सर्वांत महागात पडतो.

यंत्रोपचार

अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरी), आयएफटी आणि टेन्स (त्वचेतून सौम्य विद्युतप्रवाह) यांसारख्या यंत्रांचा वापर सर्रास होतो. त्यांनी काही तास बरे वाटू शकते, पण कफच्या दुखण्यात व्यायामाची जागा ती घेऊ शकतात याला भक्कम पुरावा नाही. बंधात कॅल्शियम साठले असेल तर शॉकवेव्हचा (बाहेरून दिल्या जाणाऱ्या दाबलहरींच्या ठोक्यांचा) उपयोग होतो. दहा दिवस फक्त शेक आणि यंत्र, आणि व्यायाम एकही नाही, असा उपचार कोणी देत असेल तर रुग्णाने व्यायाम कधी सुरू होणार हे विचारायला संकोच करू नये.

पक्षाघातानंतरचा खांदा

पक्षाघातात स्नायू लुळे पडले की हाताच्या वजनानेच माथा खोबणीतून खाली उतरतो. अशा रुग्णाला उठवताना त्या बाजूचा हात धरून किंवा काखेत हात घालून ओढणे ही घरोघर होणारी आणि सहज टाळता येणारी इजा आहे. पाठीवर फऱ्यामागे आणि कमरेला आधार देऊन उठवावे, बसलेले असताना कोपरापासून हात उशीवर किंवा खुर्चीच्या पाटावर टेकवून ठेवावा, आणि डोक्यावरच्या कप्पीची दोरी ओढण्याचा व्यायाम या खांद्याला देऊ नये. कपडे घालताना दुखरा हात बाहीत आधी जातो, काढताना शेवटी निघतो.